साक्षीचं पोतं

खरेदीच्या पावत्यांची बेरीज १,१८८ क्विंटल, विक्रीच्या पट्ट्यांची १,१५६. गोदाम रिकामं झालेलं, कोपऱ्यातली दोन पोती सोडली तर झाडूनपुसून स्वच्छ. मधलं ३२ क्विंटल सोयाबीन कागदावर होतं आणि जमिनीवर नव्हतं. मराठवाड्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कंपनीचं, अंतर्गत लेखापरीक्षण आमच्याकडे होतं. या कंपन्यांना ते कायद्यानेच बंधनकारक आहे. संचालक मंडळाच्या बैठकीत ही तूट मांडली जाणार होती, म्हणून मला बोलावणं आलं होतं.

अध्यक्षस्थानी आक्का. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. सहीच्या जागी अंगठा. कंपनी कायद्यात संचालक होण्यासाठी शिक्षणाची अट कुठेही नाही. अपात्रतेची कलमं दिवाळखोरी, गुन्ह्यात झालेली शिक्षा, वर्षानुवर्षं न भरलेली विवरणपत्रं असल्या गोष्टींपाशी थांबतात. आक्का वयाने लहान असत्या, १९९५ नंतर जन्मलेल्या, आणि सरपंचपदाला उभ्या राहिल्या असत्या, तर महाराष्ट्रात त्यांना सातवी पासची अट आडवी आली असती. हरियाणाने २०१५ साली पंचायतींसाठी अशाच अटी घातल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्राह्य धरल्या. म्हणजे गावात दिवे लावायला सातवी हवी, अर्ध्या कोटीची उलाढाल सांभाळायला काहीच नको! यातलं कुठलं टोक शहाणपणाचं, याबद्दल माझं मत त्या दिवसानंतर पक्कं झालं.

अंगठा कायद्याला चालतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये स्पष्टच आहे की लिहिता न येणाऱ्याच्या बाबतीत सहीमध्ये निशाणीही येते. प्रश्न असतो तो अंगठा कशाखाली लागतोय याचा. निरक्षर माणसाला फसवायचे मार्ग ठरलेले आहेत. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन ठेवायचा. मजकूर संपल्यावर चार बोटं जागा सोडून अंगठा घ्यायचा, म्हणजे मधे नंतर दोन ओळी आरामात बसतात. वाचून दाखवताना नेमका एखादा परिच्छेद गिळायचा. आणि सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वाचणारा माणूस कायम एकच ठेवायचा. पाच-सात वर्षांत संस्थेचा खरा मालक तोच होऊन बसतो.

आक्कांनी या सगळ्यावर एक शिस्त बसवली आहे. कुठलाही कागद दोघांनी वाचायचा, वेगवेगळ्या वेळी. एक वाचत असताना दुसरा खोलीत नसावा. दोघे एका घरातले नसावेत, एक दुसऱ्याच्या हाताखालचा नसावा. सध्या एक वाचक म्हणजे एका संचालकांची सून आणि दुसरा गोदामाशी काही देणंघेणं नसलेला तरुण सभासद. आकडे आधी वाचायचे, मजकूर मागून. दोघांच्या वाचनात फरक पडला तर त्या दिवशी अंगठा मिळत नाही. फरक नसेल तर शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची आणि रेघेला चिकटून अंगठा, प्रत्येक पानावर. पॅड शाईने थबथबलेलं असू नये. अंगठा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हलका लोळवायचा. दाबला तर रेषा भरून जातात आणि नुसता निळा डाग उरतो, जो कुणाचाही असू शकतो. शेजारी ‘निशाणी अंगठा’ असं लिहून नाव आणि वाचून दाखवणाऱ्या दोघांच्या सह्या. एका कागदाला अर्धा तास जातो. सीईओला हा वेळेचा अपव्यय वाटतो, आणि घाईच्या दिवशी तो असतोही.

अकबराबद्दल अबुल फजलने लिहून ठेवलं आहे की बादशहा रोज ग्रंथ वाचून घेई, वाचणारा जिथे थांबेल तिथे स्वतःच्या लेखणीने खूण करी आणि वाचून झालेल्या पानांच्या हिशेबाने वाचकाला पैसे देई. आक्कांना हे माहीत असायचं कारण नाही, पण गोम त्यांना तीच सापडली आहे. वाचायला दुसऱ्याचे डोळे, ताबा स्वतःचा.

या ऐकण्याला धारही आहे. पूर्वी एका सावकारी कंपनीने ‘महिन्याला फक्त एक टक्का’ म्हणून कर्ज देऊ केलं होतं. कागद वाचून झाल्यावर आक्कांनी एवढंच विचारलं, “फेडलेल्या पैशावर पण व्याज का?” एक लाखाचं मुद्दल दरमहा समान रकमेने बारा महिन्यांत फेडताना व्याज सगळ्या मुदतीत मूळ रकमेवर धरलं तर १२,००० होतं, उरलेल्या शिलकीवर धरलं तर ६,५००. दर दोन्हीकडे एकच लिहिलेला असतो. शिकलेली माणसं दर वाचतात आणि सही करतात.

त्या दिवशीचा कागद दीड पानाचा होता. ठरावाचा मसुदा असा: ३२ क्विंटलची तूट आहे, गोदामाची किल्ली राखणदाराकडे होती, सबब त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने वसुली करावी आणि पोलिसांत तक्रार द्यावी. दोन्ही वाचकांनी तो वाचला. अक्षर न् अक्षर जुळलं. लपवाछपवी काहीच नव्हती. सीईओ कृषी पदवीधर, हिशेबाला चोख, आणि चोरी झाली असं त्याला मनापासून वाटत होतं. वजाबाकी तर कुणीही करून पाहावी.

आक्का म्हणाल्या, “भाऊ, आधी साक्षीची पोती काट्यावर घ्या.”

कोपऱ्यातली ती दोन पोती. खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली. ओलाव्यानुसार माल दोन थप्प्यांत लावला होता: एक कोरडी, साधारण १२ टक्क्यांची, दुसरी ओलसर, सरासरी १४ टक्क्यांची. प्रत्येक थप्पीत १,२०० पोती, पोत्यात बारदाना (रिकाम्या पोत्याचं वजन) सोडून ५० किलो, म्हणजे थप्पीला ६०० क्विंटल. हमीभावाच्या खरेदीला एरवी १२ टक्क्यांची मर्यादा असते (२०२४-२५ च्या हंगामात केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली होती), म्हणून कंपनीनेही १२ हाच पाया धरला होता आणि वरच्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कापलं होतं. ओलसर ६०० क्विंटलचे १२ क्विंटल तिथेच कापले गेले आणि पुस्तकात १,२०० ऐवजी १,१८८ चढले.

थप्प्या लागत असताना, पुढे माल वाळून किती घटतो ते कळावं म्हणून, आक्कांनी स्वतःच्या घरचं एक पोतं कोरडं आणि एक ओलसर भरून आणलं होतं. कंपनीच्या साठ्यात ते धरलेलं नाही. दोन्ही पोती तोलून शिवली आणि शिवणीत अंगठा उमटवलेली चिंधी गुंतवली. एकेक पोतं आपापल्या थप्पीत ठेवलं, जमिनीपासून मधल्या उंचीवर. हे महत्त्वाचं आहे. साक्षीचं पोतं कचेरीत ठेवलं तर ते कचेरीची हवा सांगतं. दाराशी ठेवलं तर जास्त वाळतं, भिंतीला टेकलं तर कमी. बारदानाही त्याच जातीचा हवा, कारण ताग आणि प्लॅस्टिक यांतून दाणा सारखा वाळत नाही. थप्प्या उचलल्या गेल्यावर ती दोन पोती मागे राहिली होती.

काटा इलेक्ट्रॉनिक होता, वजनकाटे तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा शिक्का चालू वर्षाचा. तरी आधी २० किलोचं प्रमाणित वजन ठेवून पाहिलं. मग पोती चढली. चिंध्या जागच्या जागी. बारदान्याचे ६०० ग्रॅम वजा जाता कोरडं पोतं ४८.९ किलो, ओलसर ४७.८.

आक्कांनी कागद मागितला नाही. पावकी-निमकी-औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्या बापाशेजारी बाजारात बसून शिकल्या. त्यांचा हिशेब शंभराच्या ढिगांनी चालतो. “कोरड्याचं पोत्यामागं एक किलो शंभर ग्रॅम गेलं. शंभर पोत्यांमागं एक क्विंटल दहा. बाराशे पोत्यांचं तेरा क्विंटल वीस. ओल्याचं त्याच्या दुप्पट, सव्वीस चाळीस. झालं किती? एकोणचाळीस साठ.”

सीईओ लगेच म्हणाला, “आक्का, तूट तर बत्तीसच आहे. मग चाळीस कुठून?”

“त्यातलं बारा आपण शेतकऱ्याकडनंच कापून घेतलंय की.”

३९.६० मधून १२ गेले, राहिले २७.६०. मी तोवर दुसऱ्या बाजूने हिशेब मांडला होता. वाळताना पाणी जातं, दाण्यातला कोरडा भाग तेवढाच राहतो. १४ टक्के ओलाव्याच्या १०० किलोत कोरडा भाग ८६ किलो. तो १२ टक्क्यांवर आला की वजन ८६ ला ०.८८ ने भागून ९७.७३ किलो होतं. बाजारात ९८ धरतात. इथेच पाव किलोची गळती सुरू होते, आणि ओलावा जितका जास्त तितकी ती वाढते: १५ टक्क्यांचा माल १२ वर आणला तर क्विंटलमागे ३ नव्हे, ३.४१ किलो जातं. ‘टक्क्याला किलो’ हा नियम सोपा आहे म्हणून टिकून आहे, बरोबर आहे म्हणून नाही. पण मोठा घास पुढे आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर गोदामातला माल १२ वर थांबत नाही. विक्रीच्या दिवशी माल घेणाऱ्या गिरणीच्या ओलावा मोजायच्या यंत्राने १० टक्के दाखवले होते. कोरडे ६०० क्विंटल ५८६.६७ झाले, ओलसर ६०० चे ५७३.३३. बेरीज १,१६०. पुस्तकातल्या १,१८८ पेक्षा नेमके २८ कमी.

त्यांचे २७.६०, माझे २८. फरक काट्याच्या शंभर ग्रॅमच्या पायरीचा. (उलटंही घडतं. तोच माल जुलैपर्यंत ठेवला तर दमट हवेत वजन परत धरतो. काही जण त्यासाठीच थांबतात आणि बुरशीत हात पोळून घेतात.)

उरले चार क्विंटल. ते पट्ट्यांत सापडले. खरेदीला कंपनीने बारदान्याचे पोत्यामागे ६०० ग्रॅम कापले होते, गिरणीने ७०० कापले. शंभर ग्रॅम म्हणजे कुणाच्या नजरेत भरत नाही, पण २,४०० पोत्यांचे २ क्विंटल ४० किलो झाले. शेवटी १ क्विंटल ६० किलो राहिले: माती, सालपट, उंदीर, फाटक्या पोत्यांची सांडलवंड. हजार क्विंटलच्या वर माल आत-बाहेर झाल्यावर एवढं जाणारच. राखणदार हे सगळं दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.

आता इथेच थांबलो तर ही निरक्षर शहाणपणाची गोड गोष्ट होईल, आणि तसल्या गोष्टींचा मला तिटकारा आहे. ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवणं आणि ‘शाळेत न जाता केवढं शहाणपण’ म्हणून डोक्यावर घेणं, दोन्हीत समोरच्या माणसाच्या कामाकडे पाहायचं टाळलेलं असतं. त्याच दिवशी दुपारी दुसरी फाइल उघडली, ती बँकेची.

साठ्यावर कंपनीने कॅश क्रेडिट घेतलं आहे. दर महिन्याला बँकेला साठापत्रक जातं. साठ्याच्या किमतीतून २५ टक्के मार्जिन वजा करून उरेल तेवढी उचल करता येते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत प्रत्येक पत्रकावर १,१८८ क्विंटल. एकदाही एक किलो कमी नाही. भाव ४,५०० धरला तर २८ क्विंटलचे १ लाख २६ हजार. म्हणजे हंगामाच्या शेवटी साडेचौऱ्याण्णव हजारांची उचल अशा मालावर उभी होती जो पाण्याच्या वाफेबरोबर निघून गेला होता. बँकेचा माणूस अचानक मोजणीला आला असता तर चोरीचा संशय राखणदारावर नव्हे, कंपनीवर आला असता. प्रत्येक पत्रकावर आक्कांचा अंगठा होता, दोन्ही वाचकांच्या सह्या होत्या, रेघ मारलेली होती. सगळं शिस्तीत, आणि आकडा चुकीचा.

आणि याच पाच महिन्यांत दर महिन्याला साक्षीची पोती काट्यावर चढत होती! वजन मोठ्याने सांगितलं जात होतं, हजर असलेले माना डोलावत होते. कुणी लिहून ठेवलं नाही. सीईओला ती आक्कांची खोड वाटायची. आक्कांना वाटायचं, शिकलेल्या माणसाला हे ठाऊक असणारच. गोदामातलं ज्ञान आणि कचेरीतला कागद एकाच छपराखाली राहत होते आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

साक्षरता लागते ती इथे. आक्कांच्या मोठेपणाला तिची गरज नव्हती. पोतं शिवून ठेवण्याची बुद्धी शाळेतून आलेली नाही. पण त्यांना जे कळलं ते त्यांच्यानंतर, त्यांच्या पाठीमागे, दुसऱ्या गावातल्या बँकेत उपयोगी पडायचं तर कुणीतरी ते उतरवून घ्यायला हवं. बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांची कविता आपल्यापर्यंत आली कारण सोपानदेवांनी ती लिहून घेतली.

निरक्षर बायकांनी ज्या मोठ्या संस्था उभ्या केल्या त्यांत हा सांधा नीट जुळवलेला दिसतो. अहमदाबादच्या सेवा बँकेत १९७४ साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचा भाग घेतला. सही येत नाही ही अडचण होती, तर पासबुकावर फोटो लावला. माणसाला अक्षर शिकेपर्यंत बाहेर उभं केलं नाही. म्हसवडच्या माणदेशी बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण संस्थापक बायका निरक्षर होत्या. पुन्हा गेल्या तेव्हा त्या म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी विचारा आणि तुमच्या माणसांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. ही गोष्ट सांगताना लोक पुढचं विसरतात: मधल्या महिन्यांत त्याच बायका शिकायलाही बसल्या होत्या.

संध्याकाळी निर्णय झाले. राखणदाराचा ठराव मागे घेतला. २८ क्विंटल ‘ओलाव्याची घट’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायची. तिचा भार सगळ्या सभासदांवर, ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात. उत्पादक कंपनीत मालाच्या भावाचा काही भाग रोखून ठेवून हंगामानंतर देता येतो. घट त्यातून वळती होईल. बारदान्याच्या २.४० क्विंटलचा दावा गिरणीकडे. त्यासाठी २० रिकामी पोती एकत्र तोलून सरासरी काढायची आणि त्या पावतीची प्रत जोडायची. पुढच्या खरेदीपासून ओलाव्याचा तक्ता कोरड्या भागाच्या हिशेबाने, भिंतीवर मोठ्या आकड्यांत. यंत्र ‘सोयाबीन’वर लावलंय ना हे आधी पाहायचं (हरभऱ्यावर राहिलं तर आकडा भलताच येतो), पोत्याच्या वरून, मधून, खालून नमुना काढायचा, तिन्हीची सरासरी शेतकऱ्यासमोर मोठ्याने सांगायची. साक्षीच्या पोत्यांचं वजन दर महिन्याला वहीत आणि वहीतला आकडा साठापत्रकात.

राहिलेल्या १ क्विंटल ६० किलोवर वाद झाला. किंमत सात हजार दोनशे. माझं म्हणणं होतं की ही सर्वसाधारण तूट आहे, नेहमीसारखी खर्चात टाका. आक्कांनी ती संचालकांच्या बैठक भत्त्यातून भरायचा प्रस्ताव ठेवला. “आपण एका माणसाच्या नावावर चोरी लिहायला निघालो होतो. त्याचं काहीतरी आपल्याला लागू द्या.” एक संचालक म्हणाले, “आक्का, मग पुढच्या वर्षी दोन क्विंटल गेले तरी आम्हीच भरायचे का?” प्रश्न रास्त होता. असा पायंडा पडला तर पुढचं मंडळ तूट कमी दाखवायच्या मागे लागेल, आणि ते फार वाईट. मतं पडली, चार विरुद्ध तीन, भत्ता कापायचं ठरलं. ठरावात ‘फक्त या हंगामापुरतं’ हे शब्द घालून घ्यायला मी लावले. आक्कांनी ते दोन्ही वाचकांकडून पुन्हा वाचून घेतले आणि मगच शाईचं पॅड उघडलं.

माझ्या अहवालात शेवटी एक गंभीर शेरा राहिला, तो आक्कांबद्दल नाही. कंपनीची विवरणपत्रं डिजिटल सहीने जातात, आणि ती सही उपाध्यक्षांची आहे. ते पदवीधर. टोकन, म्हणजे ती सही साठवलेलं पेन ड्राइव्हसारखं उपकरण, सीईओच्या टेबलाच्या खणात, पिन त्याच खणातल्या डायरीच्या पहिल्या पानावर. वर्षभरात कोणकोणत्या फॉर्मवर ती सही लागली, हे त्यांना सांगता आलं नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देणं म्हणतात ते हेच. टोकन कपाटात ठेवावं, किल्ली दुसऱ्या संचालकाकडे असावी, पिन बदलून फक्त सहीच्या मालकाकडे राहावा आणि प्रत्येक वापराची तारीख व फॉर्मचं नाव वहीत यावं, असं मी लिहिलं. उत्तरासाठी उपाध्यक्षांनी पंधरा दिवसांची मुदत मागितली आहे.